पेटीवरचे पांढरे ठिपके

माईचं घर म्हणजे आरसा, असं अख्खी गल्ली म्हणायची, आणि माई कुणाला खोटं पडू द्यायची नाही. रंगारी चार दिवसांत घर रंगवून गेला नि तिनं पदर खोचला. खिडकीची काच असो की पंख्याचं पातं, जिथं रंगाचा थेंब दिसला तिथं थिनरचा बोळा फिरला. शेवटी राहिली धाकट्या लेकाच्या खोलीतली, गिटारला जोडायची पेटी. तिच्यावरही बटणांभोवती बारीक पांढरे ठिपके होते.

"चादर काय नावाला घातली होती मेल्यानं!" म्हणत माईनं ते एकूणएक पुसले. बटणं ओढली तर हातात आली. मग काय, बाराही साबणाच्या पाण्यात गेली. खालच्या दांड्याही फडकं पिळून गोल फिरवत पुसल्या. बटणं वाळल्यावर हाताला येतील तशी दाबून बसवली, सगळ्यांची टोकं वर. ती लांब उभी राहून बघत राहिली. पेटी कशी नवीकोरी दिसत होती.

धाकटा बेस गिटार वाजवायचा. आज नाचाचा कार्यक्रम, उद्या एखाद्या गंभीर गायिकेची साथ, परवा कानठळ्या बसवणारं टोळकं. प्रत्येकाला आवाज वेगळा हवा. गिटारचा बारीक आवाज मोठ्या स्पीकरकडे जायच्या आधी त्याला घडवणारं यंत्र म्हणजे प्रीअँप. त्यानं तीन जमवले होते. एक जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, ऊबदार. एक स्वच्छ, आपलं काही न घालणारा. आणि एक दातओठ खाऊन बोलणारा. तीन सासवांना एका चुलीवर नांदवायचं काम ते, आणि ते केलं माईच्या नवऱ्यानं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. तिन्ही एका पेटीत बसवले, पायानं बटण दाबलं की एक गप्प होऊन दुसरा बोलेल असं केलं. दाबताना टक्क आवाज यायचा, तो घालवायला सहा महिने गेले. त्याहून अवघड होतं तिघांचं वजन सारखं करणं, म्हणजे बदलताना एकानं दुसऱ्यावर उडी मारायला नको.

बापलेकाचं एरवी 'जेवलास का'च्या पुढे बोलणं जायचं नाही. पेटीपाशी मात्र धाकटा वाजवायचा, बाप स्पीकरला कान लावून बटण केसभर फिरवायचा आणि म्हणायचा, "थांब. इथं." मग काडेपेटीच्या काडीनं पांढरा ठिपका. तीन वर्षं हे चाललं. शेवटचा ठिपका लावल्यावर दोन महिन्यांत बाप वारला.

धाकटा दौऱ्यावरून परतला तो थेट खोलीत. संध्याकाळी पाचला त्याच्या स्वतःच्या चालींचं पहिलं रेकॉर्डिंग होतं. त्यानं तारा छेडल्या. आवाज आला, पण डबक्यात दगड टाकल्यासारखा. पायानं दुसरं बटण दाबलं आणि असा भडका उडाला की स्वयंपाकघरात माईच्या हातातलं झाकण पडलं.

"आई! पेटीला कुणी हात लावला?"

माई दारात आली. त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं की हे घासूनपुसून ठीक होणारं काम नव्हे. तीस वर्षांत या घरात तिची चूक कुणी काढली नव्हती.

"रंगारी होता ना चार दिवस," ती म्हणाली. "त्यानंच पुसलं असेल काहीबाही."

नेमका तेव्हाच रंगारी आपली शिडी न्यायला आला. नवऱ्याचा जुना दोस्त, पांढऱ्या मिशांचा. धाकट्यानं त्याला उंबऱ्यातच धरलं.

"काका, डोळे आहेत का भोकं? बाबांच्या खुणा होत्या त्या!"

"अरे, मी तर पेटीवर चादर घालून दोरीनं बांधली होती."

"मग खुणा काय पाय फुटून गेल्या?"

रंगाऱ्यानं माईकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हीच सांगा. चादर तुम्हीच सोडलीत ना?"

"मला नाही आठवत, भावजी," माई म्हणाली. "मी कुठं बघत बसले?"

रंगारी आत आला. शिडी खांद्यावर घेतली, भिंतीला घासू नये म्हणून हात आड धरला आणि गेला. नव्या रंगावर ओरखडा उमटला नाही. माईला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटा बटणं फिरवत बसला होता. माई त्याच्यासमोर खाली बसली, गुडघे दुखत असूनही.

"मी पुसलं. बटणंही मीच धुतली. मला वाटलं, रंग उडालाय."

त्यानं गिटार मांडीवर घेतली. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग म्हणाला, "तीन वर्षं तू घरातच होतीस. रोज कानावर पडत होतं. मी वाजवतो, तू सांग कुठं थांबायचं."

त्यानं वाजवलं, बटण हळूहळू फिरवलं. माईनं डोळे मिटले. नवऱ्याचा वाकलेला पाठीचा कणा आठवला, बनियनवरचं भोक आठवलं, 'इथं' म्हणतानाचा त्याचा घोगरा सूरही आठवला. पण त्या 'इथं'च्या आधी काय वाजत होतं, ते आठवेना. तेव्हा ती चहा गार होतोय म्हणून कुरकुरत असायची.

"हा का?" धाकट्यानं विचारलं. आवाज छान होता. 'हो, हाच' म्हटलं असतं तर तो सुटला असता, तीही सुटली असती.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "मी कधी ऐकलंच नाही."

त्यानं मान हलवली. साडेचारपर्यंत आपल्याच कानानं काहीतरी जमवलं, पेटी उचलली. दारात म्हणाला, "काकांकडे मी उद्या जाईन. तू आज जा."

माई निघाली. वाटेत वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्यात 'पण' येत होता: चुकलं माझं, पण चादर नीट असती तर. बोललेच असते, पण पोरगा तापला होता. वळणापर्यंत तिनं चार 'पण' काढून टाकले. उरलं ते एवढंच: भावजी, मी खोटं बोलले.

दार रंगाऱ्याच्या बायकोनं उघडलं. तो आत्ताच शिडी घेऊन लांबच्या कामावर गेला होता, महिनाभर तरी येणार नव्हता.

"काही निरोप द्यायचाय का?"

माईनं तोंड उघडलं. निरोपानं पाठवायची गोष्ट नव्हती ती.

"नको," ती म्हणाली. "मी पुन्हा येईन."

"बसा तरी, माई."

"नको गं. बसायचं तोंड नाही माझं."

बायको हसली. तिला वाटलं, माई थट्टा करतेय.