औषधाचं नाव, पोरीचं नाव

प्रेमदासने समुद्रपूरच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं चहा विकला, पण चहात काय असतं हे त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात कळलं. लेक आचल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, ती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी जेमतेम किलोभराची. काचेच्या पेटीत पडल्या पडल्या ती मधूनच श्वास घ्यायचं विसरायची. यंत्र वाजायचं, नर्स येऊन तळपायाला टिचकी मारायची, पोर पुन्हा श्वास घ्यायची आणि प्रेमदासचा जीव भांड्यात पडायचा.

"तिले काय देऊन राह्यले, मॅडम?" त्याने डॉक्टर समीक्षाला विचारलं.

"कॅफिन. तुमच्या चहात असतं ना काका, तेच. श्वास घ्यायची आठवण करून देतं."

एवढं ऐकल्यावर हा गडी गप्प बसतो थोडाच! बाहेरच्या बाकावर भेटेल त्याला सांगत सुटला, की माही नात चहावर जगून राह्यली. तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरला पुन्हा गाठलं. हे नाव आलं कुठून?

समीक्षा थकलेली होती, तरी तिने बसून सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने ते कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं. जर्मन भाषेत कॉफीला काफे म्हणतात, त्यावरून हे नाव. कॉफी हा शब्दच मुळी तुर्कांकडून युरोपात गेला, आणि तुर्कांनी तो अरबांच्या कहव्यावरून घेतला. कहवा म्हणजे इच्छा उडवणारं, भूक मारणारं, असं काही जाणकार सांगतात.

"पण चहातबी आहे, तर नाव कॉफीचंच काऊन?"

"कॉफीतल्याचं नाव आधी पडलं. चहातल्याला मागाहून वेगळं नाव दिलं होतं. मग कळलं, दोन्ही एकच. तेव्हा कॉफीचं नाव राहिलं."

"ज्याचं नाव आधी ठेवलं, त्याचंच राह्यते म्हना."

ही सगळी वंशावळ त्याने आचलला ऐकवली.

"बाबा, औषधाच्या नावाची एवढी चौकशी केली. आता पोरीचं ठेवू ना. माह्या मनात माधवी आहे."

प्रेमदासचा चेहरा उतरला. "घरी नेल्यावर, बेटा. नावाचा मान आत्याचा. तुही नणंद रीता येईन, तिच्या कानात सांगन. अन् बिननावाच्या लेकराले नजर लागत नाई."

नजरेचं त्याने आपलं तोंडाला आलं म्हणून सांगितलं. खरं म्हणजे तो घाबरला होता. नाव ठेवलं आणि पोर गेली, तर नुसतं नाव घेऊन घरी जायचं कसं? बापाच्या शब्दाबाहेर आचल गेली नाही.

नवव्या दिवशी दुपारी यंत्र वाजलं. नर्सने टिचकी मारली, पाठ चोळली. डॉक्टर धावत आली. औषध चालूच होतं. पोरीला श्वास आठवला नाही तो नाहीच.

नर्स कागद घेऊन आली. "बाळाचं नाव काही ठेवलं होतं?"

आचलने बापाकडे पाहिलं. अरबांपासून जर्मनांपर्यंत सगळं पाठ झालेल्या प्रेमदासने 'नाही' म्हणून मान हलवली. नर्स 'आचलची मुलगी' असं लिहून निघून गेली. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा कळलं.

पोरीला मातीत ठेवल्यावर सहाव्या दिवशी त्याने दुकान उघडलं. दिवसाचा पहिला चहा तो नेहमी मातीवर ओततो. सगळेच चहावाले ओततात, त्यानेही कधी विचार केला नव्हता. त्या सकाळी त्याने कप भरला. मग गुडघे टेकून खाली वाकला आणि जमिनीशी तोंड नेऊन म्हणाला, "माधवी."

चहा हळूहळू ओतला. शेजारी वर्धा गाडीचा कंडक्टर चहासाठी थांबला होता.

"कोनाले आवाज देऊन राह्यले, प्रेमदासभाऊ?"

"नातीले," प्रेमदास म्हणाला. "माधवी नाव आहे तिचं."

"छान नाव आहे. केवढी झाली?"

प्रेमदासने कप विसळला. "नऊ दिवसांची," तो म्हणाला, आणि त्याच्यासाठी चहा गाळायला लागला.