मंगलाष्टकाला वन्समोर

माझं लग्न एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात अमरावतीला झालं. म्हणजे होता होता राहिलंच होतं, आणि त्याला कारण माझा मेव्हणा उत्तमराव.

उत्तमराव हा नवरीचा चुलत भाऊ. रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकून ऐकून बिघडलेला. नागपूरहून गिटार आणली, दोन ढोलकीवाले आणि एक बँजोवाला गाठला आणि 'रॉकेट पार्टी' काढली. गाणी हाच लिहायचा, चालीही हाच लावायचा आणि दुर्दैवानं गायचाही हाच. अमरावतीत त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. आपण माईकपुढे गावं आणि लोकांनी एकदा तरी 'वन्समोर' म्हणावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. ते नेमकं माझ्या मांडवात व्हायचं होतं!

गोरज मुहूर्त होता. सूर्य बुडायच्या आत लग्न लागायला हवं. मी हार घेऊन पाटावर उभा, अंतरपाटापलीकडे रुख्मिणी. उत्तमरावानं जाहीर केलं, मंगलाष्टकं आपणच लिहिली आहेत आणि आपणच म्हणणार. आणि पार्टी सुरू झाली. पहिल्या कडव्याला भटजींनी कानावर हात ठेवले. दुसऱ्याला तरणी पोरं पाय आपटायला लागली. तिसऱ्याला मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

मंगलाष्टकाला वन्समोर! मी असं कधी ऐकलं नव्हतं. उत्तमरावानंही ऐकलं नसावं, कारण तो पेटलाच. शेवटचं 'सावधान' तोंडाशी आलं की परत पहिल्या कडव्यावर जायचा. शेवटचं 'सावधान' होईना म्हणून वाजंत्री वाजेना, वाजंत्री वाजेना म्हणून अंतरपाट सरेना. लोकांच्या अक्षता संपल्या, त्यांनी खालच्या वेचून पुन्हा टाकल्या. अंतरपाट धरलेल्या दोन मामांचे हात भरून आले. सूर्य कडुनिंबामागे गेला. मी घामानं भिजलो होतो आणि मनातल्या मनात त्या वन्समोरवाल्याच्या सात पिढ्यांना शिव्या देत होतो.

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून एक आवाज उठला. उत्तमरावाच्याच चालीत, पण असा खणखणीत की माईकची गरजच नव्हती. "शुभमंगल साऽऽवधान!"

नवरीनं आपलं लग्न आपणच लावलं! वाजंत्री कडाडली, अंतरपाट सरला, आणि समोर रुख्मिणी, खुदुखुदु हसत, हार उगारून उभी. सगळा मांडव हसत होता. एकटा उत्तमराव हसत नव्हता. गळ्यात गिटार तशीच, तो आपल्या बहिणीकडे बघत राहिला होता.

पोळ्याच्या आधी तो अकोल्याला माझ्या सायकलच्या दुकानात आला. बराच वेळ नुसत्या घंट्या वाजवून बघत बसला.

"जावईबापू, इथल्या गणपतीत रॉकेट पार्टीले बलावून राहिले."

"मंग चांगलंच हाय की."

"पन ते म्हनतात, गायले ती नवरीच पायजे."

"आन तुमी?"

त्यानं एक घंटी वाजवली. "गानं माहं. गळा तिचा."

मला ही गोष्ट काही झेपेना. "माही बायको काय तुमच्या पार्टीचा भोंगा हाय?" मी ओरडलो. पण हा तंटा घरी गेल्यावर माझ्या आईनं, केशरबाईनं, एका वाक्यात मिटवला.

"जाऊ दे ना तिले. पापड लाटता लाटता माह्या कानाशी गाऊन राहिली. त्यापरीस साऱ्या अकोल्याच्या कानाशी गाईन."

मग काय! उत्तमराव आमच्याकडेच ठाण मांडून बसला. स्वतःसाठी राखून ठेवलेलं गाणं त्यानं बाहेर काढलं, त्यातला मर्द गडी काढून टाकला आणि तिथे सासुरवाशीण बसवली. रुख्मिणीचं लोणचं बंद केलं. लाउडस्पीकरवाल्याशी भांडला, बँजोवाल्याला दम दिला, ढोलकीवाल्यांना एकसारखे सदरे शिवले. गिटार मात्र खुंटीवरच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याच्या कडेला दोरी धरून उत्तमराव उभा आणि त्याच्या शेजारी मी. रुख्मिणीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सुरू केलं:

*"गाडी माही लहान गं, घाई तिले नाई गं,*
*मूर्तिजापूर गेलं तरी माहेर येत नाई गं!"*

पटांगण उसळलं! म्हातारे टोप्या उडवायला लागले. बायांच्या बाजूनं माझी आई सगळ्यांच्या वर ओरडत होती. उत्तमरावाचे ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते, पण आवाज निघत नव्हता. गाणं संपलं आणि सगळं अकोलं गरजलं, "वन्समोर! वन्समोर!"

ती पुन्हा गायली. पुन्हा तोच गजर. रुख्मिणीनं आमच्याकडे पाहिलं, तिचा चेहरा लाल झाला होता. उत्तमरावानं दोरी सोडली. पडदा खाली आला.

"कावून पाडला?" मी म्हणालो. "लोक तुमचंच गानं मागून राहिले!"

"तिचा गळा उद्या परतवाड्याले पायजे," तो म्हणाला. "मॅनेजर कोन हाय?"

माझ्या लग्नात ज्याला थांबता आलं नाही, तोच हा माणूस! मला त्याचा भारी लोभ वाटला. पडद्याबाहेर आरडाओरडा चालूच होता. रुख्मिणीनं माईक बंद करायला लावला आणि ढोलकीवाल्यांना खूण केली.

"दादा, आता तू म्हन."

तो नको नको म्हणाला. मग डोळे मिटून गायला लागला, हात पोटाशी, नसलेली गिटार वाजवत. गळा होता तसाच होता, सूर एकीकडे आणि तो दुसरीकडे. आम्ही पाचसहाजणच ऐकत होतो. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "वन्समोर!"