फिरायच्या वाटा

येऊरच्या डोंगरातलं पाण्याजवळचं रान एका साहेबाच्या ताब्यात गेलं, तेव्हा वाळकी लाकडं वेचायला कुणी मनाई केली नाही. मनाई झाली ती वाटांची. साहेबाने तिथे बंगली बांधली आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना पाय मोकळे करता यावेत म्हणून ऐन-कुड्याच्या झाडीतून लहान लहान वाटा करवून घेतल्या. कडेला चुना लावलेले दगड, उतारावर पायऱ्या. त्यातली एक म्हणजे मोळीवाल्या बायकांची जुनी पायवाटच होती, नुसती झाडून साफ केलेली. आता डोक्यावर ओझं असलेल्याने तिच्यावर पाऊल ठेवायचं नव्हतं. त्यांनी ओढ्यातून वळसा घालून उतरायचं.

कोपरीची सखुबाई आणि तिची सून तुळसा रोज त्या ओढ्यातून उतरत. सखुबाईचा मुलगा तापाने गेल्यापासून घर दोघींच्या मोळ्यांवर चालत होतं. ओढ्यातले गोटे पायाखाली हलत. सखुबाईच्या गुडघ्यांत आता काही उरलं नव्हतं, पण ती तसं कधी बोलली नाही.

वाटांवर राखणीला साहेबाचे कारकून त्र्यंबकराव यांनी महिपतला नेमलं होतं. महिपत सखुबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा, हातात काठी. या दोघी दिसल्या की तो दुसरीकडे बघे.

चैत्रातल्या एके दिवशी, ऊन कलताना, सखुबाई ओढ्याकडे वळलीच नाही. साफ वाटेवर आली, मोळी टाकली आणि पायरीवर बसली. तुळसा डोक्यावरच्या ओझ्यासकट तिच्याजवळ थांबून राहिली.

महिपत वरून आला. "आत्ये, इथनं जायला बंदी हाय."

"जात नाय मी. बसलेय."

"पाव्हणे फिरायला निघतील आता. ऊठ."

"उठवत नाय रे," सखुबाई म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात.

महिपत उभाच राहिला. सकाळपासून तो याच वाटांवरून खालीवर करत होता, बायकांना परत पाठवत होता. त्यातल्या निम्म्याअधिक त्याच्या नात्यातल्या नाहीतर गावातल्या. त्याने काठी झाडाला टेकवली, खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ केली आणि वाकून आत्याची मोळी डोक्यावर घेतली.

"तुळसा, तिचा हात धर," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला.

खालच्या वळणावर समोरून त्र्यंबकराव आले. मागे छत्र्या घेतलेल्या दोन मडमा. मडमा कडेला सरकल्या आणि झाडांकडे बघत राहिल्या.

"महिपत, ओझं खाली ठेव," त्र्यंबकराव हळू आवाजात म्हणाले.

"गाडीरस्त्याला पोचलो की ठेवतो, रावसाहेब."

"मग पट्टा दे."

"हात अडकलेत."

त्र्यंबकरावांनी एकदा मडमांकडे पाहिलं. मग पुढे होऊन स्वतःच त्याच्या कमरेचा पट्टा सोडला. ओझं ढळू नये म्हणून महिपत तेवढा वेळ ताठ उभा होता.

त्या रात्री सखुबाई जेवली नाही. "माझ्यापायी तुझी भाकर गेली. मला तिथंच बसू द्यायचं होतंस," ती दाराशी आलेल्या महिपतला म्हणाली.

"कंटाळलो होतो, आत्ये," महिपत म्हणाला. "तुझ्यापायी नाय."

ते खरं होतं, पण तिला पटलं नाही. ती त्यानंतर डोंगरावर गेली नाही. दाराशी बसून ती मीठ भरायच्या गोणी शिवू लागली. तुळसा एकटी जाऊ लागली, ओढ्यातूनच.

मिठागरावर काम मिळेना, तेव्हा महिपतही एका सकाळी तुळसाबरोबर निघाला. लाकडं वेचून झाली, मोळ्या बांधल्या. उतरताना ओढ्याच्या मध्यावर त्याची मान भरून आली.

"कुठं टेकतेस तू?" त्याने विचारलं.

"नाय टेकत. एकदा खाली ठेवली की परत डोक्यावर द्यायला कोण?"

तो चार गोटे ओलांडून उंबराच्या सावलीत थांबला, आपली मोळी उतरवली आणि तिची उतरवायला हात पुढे केले. तुळसा खाली बसली. बराच वेळ दोघांपैकी कुणीच उठायचं नाव काढलं नाही.