लंगोट वाळले का?

सानगडीच्या विणकरांच्या गल्लीत पाजणं या शब्दाचे दोन अर्थ होते, आणि कुमुद लग्न होऊन आली तेव्हा तिला त्यातला एकच ठाऊक होता. "उद्या सकाळी पाजाचं आहे," असं सासूबाई, देवकाबाई, म्हणाल्या तेव्हा ती चपापली होती. घरात तर तान्हं मूल नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं पाहिलं: या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीत सुताचा ताणा, म्हणजे लुगड्यांचे उभे धागे, ताणलेला, आणि सासरे टिकाराम शेजारच्यांना हाताशी घेऊन त्याला भाताच्या पेजेची खळ कुंच्यानं पाजताहेत. सूत खळ पिऊन कोरडं झालं की मागावर चढायचं. मधेच भिजलं तर धाग्याला धागा चिकटायचा, आणि त्या ताण्यातली सगळी लुगडी गेली म्हणून समजायचं.

मंजू झाली, आणि कुमुदचं आयुष्य दुसऱ्या पाजण्यात आणि लंगोटांत अडकलं. नवरा, गोपीचंद, तुमसरला राईस मिलमध्ये. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ती बघत राहायची. झाडीपट्टीतला चैत्र म्हणजे संध्याकाळी दोरीवर टाकलेला लंगोट सकाळी पापडासारखा कडक. पण मंजूच्या पहिल्या चैत्रात लंगोट सकाळीही दमट लागायचे. बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं. एका सकाळी तर तलावाकडून धुकं आलं आणि समोरचं घर दिसेना. भंडाऱ्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन ती बी.ए. झाली होती, चैत्रातलं धुकं तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती अशा अवेळी ओलीच्या तारखा मांडू लागली. आपल्या पोरीला कसले उन्हाळे, कसले पावसाळे बघावे लागणार, ही धास्ती मनात घर करून बसली. तिनं नवऱ्याला पत्रात सगळं लिहिलं. उत्तर आलं, मंजूला दात आला का?

त्याच चैत्रात एकदा तिनं न राहवून सासूबाईंना सांगितलं, "आज पाजू नका म्हणावं मामंजींना. पाणी येईल." तोवर ताणा अर्धा पाजून झाला होता. तिच्या बोलण्यावर तो घाईघाईनं गुंडाळून आत आणला, आणि दिवसभर असं ऊन पडलं की अंगणात पाय ठेववेना. गुंडाळलेला ताणा आतल्या आत चिकटून वाया गेला. शेजारचे भैय्यालाल तेव्हापासून तिला रेडिओ म्हणू लागले. "काय म्हणते आपला रेडिओ? आज बर्फ पडते का?" गल्ली हसायची. कुमुदनं वही ट्रंकेत टाकली आणि तोंड मिटून घेतलं.

वर्ष गेलं. मंजू चालू लागली. पुन्हा चैत्र आला, पुन्हा ताणा लागला. त्या सकाळी कुमुदनं दोरीवरचे लंगोट चाचपले. एकही वाळला नव्हता. हवा कशी जड, अंगाला चिकटणारी. ती मंजूला कडेवर घेऊन दाराआड आली.

टिकाराम सुनेशी कधी सरळ बोलत नसत. काही सांगायचं झालं तर नातीला सांगत, आणि कुमुदही नातीच्याच तोंडून उत्तर देई. घराची रीतच तशी होती. खळीचं भांडं खाली ठेवून ते मंजूकडे वळले.

"काय मंजूबाई, लंगोट वाळले का?"

ओसरीवर टेकलेले भैय्यालाल खदखदून हसले. "लावा, लावा भाऊ, रेडिओ लावा."

कुमुदचे कान तापले. आता सासरेही. "सांग आबाला," ती म्हणाली, "वाळले."

टिकारामांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, मग कुंचा उचलला.

ताणा अर्धा कोरडा झाला असेल नसेल, तेवढ्यात तलावाच्या बाजूनं गारवा आला आणि मागोमाग थेंब, टपोरे, आषाढासारखे. माणसं धावली. ताणा उचलताना एकाचा पाय घसरला, सूत चिखलात लोळलं. गल्लीच्या नालीतून पांढरी खळ वाहत गेली. "यंदा तर रेडिओबी बोलला नाई," भैय्यालाल म्हणाले. पण कोणी हसलं नाही.

पाऊस थांबल्यावर टिकाराम ओल्या धोतरानंच ओसरीवर बसले. मंजू डुलत त्यांच्याजवळ गेली. ते तिच्याकडे न बघता बोलले.

"मंजूबाई, आईले सांग. आबा मस्करी नव्हता करत. खरंच इचारून राहिलो होतो. इतके वर्षं आभाळ पाहून पाजलं. आता आभाळाची वळख नाई पटत मले. मंग कोनाले इचारू?"

दाराआड कुमुदच्या हाताला अजून सकाळच्या लंगोटांची ओल जाणवत होती. तिला म्हणायचं होतं, माझी वही आहे, तारखा आहेत, मीही रोज हेच बघते. पण मंजू बाहेर होती, आणि मंजूशिवाय बोलायची रीत नव्हती.

दोन आठवड्यांनी नवा ताणा तयार झाला. त्या दिवशी कुमुद सगळ्यांच्या आधी उठली, लंगोट एकेक करून तपासले आणि मंजूला घेऊन दारात उभी राहिली. उत्तर तिनं जुळवून ठेवलं होतं: सांग आबाला, काठ वाळलेत, घडीत ओल आहे.

टिकाराम अंगणात आले. दाराकडे न येता ते बाजूच्या दोरीकडे गेले. बायकांचे कपडे वाळतात म्हणून त्या बाजूला ते कधी फिरकत नसत. त्यांनी एक लंगोट चिमटीत धरला, सूत पारखावं तसा घडीपाशी चोळून पाहिला, आणि नीट परत टाकला. मग गल्लीत जाऊन भैय्यालालना म्हणाले, "आज नको."

भैय्यालालनी मान हलवली.

मंजू कुरकुरू लागली, तशी कुमुद आत जाऊन तिला पाजायला बसली.