रेशमाच्या आचेवरचे पॅनकेक

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या घरात तेल तापवायला बंदी आहे. कांदा चिरायला बंदी, दूध उकळायला बंदी, वासाचा साबण लावून आईजवळ जायलासुद्धा बंदी. का? तर आई कॉटवर पडून आहे, तिच्या पोटात तीन महिन्यांचं बाळ आहे, आणि कुठलाही वास नाकाशी गेला की तिला पोट पिळवटून उलटी होते. दोन दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरलेला नाही.

आणलंत डोळ्यांसमोर? मग त्या कॉटच्या पायथ्याशी नऊ वर्षांची एक मुलगीही बसवा. तिचं पाऊल एका जागी ठरत नाही म्हणून घरचे, दारचे सगळे तिला भिंगरी म्हणतात. आज मात्र ती बसून आहे.

घर म्हणजे एकच खोली. खोलीच्या पुढे बाबांचं इस्त्रीचं दुकान, आणि मध्ये एक दार.

सकाळी नऊला नर्सबाई आल्या. केस पिकलेल्या, आवाज भरदार. त्यांनी आईच्या मनगटामागची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि सोडली. कातडी खाली बसलीच नाही. इस्त्री न केलेल्या कपड्याच्या चुणीसारखी उभी राहिली.

"बघितलंस, पोरी? तुझ्या अंगातलं पाणी आटलंय. मी चार वाजता परत येते. तोवर पोटात काही टिकलं तर ठीक, नाही तर दवाखाना आणि सलाईन. यात मी कुणाचं ऐकणार नाही."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"दोन म्हण, चार म्हण. ते तुझं अंग ठरवेल."

"आणि ही?"

"मुलांना वॉर्डात सोडत नाहीत."

भिंगरीने आईच्या चादरीचं टोक घट्ट धरलं. आईशिवाय ती एकही रात्र झोपली नव्हती.

निघताना नर्सबाई दारात थांबल्या. "आल्याने पुष्कळजणींची मळमळ बसते. आल्याचे पॅनकेक करून बघा. नाण्याएवढे, थोडी दालचिनी घालून. तेलाचा थेंब नको. एका वेळी एकच द्या."

बाबांनी कणकेत दूध, साखर आणि चिमूटभर सोडा कालवला. भिंगरीने आलं किसलं, दालचिनी कुटली. पीठ तयार झालं आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेगडी कॉटपासून चार पावलांवर. शेगडी पेटवली की आईची उलटी ठरलेली.

"बाबा, इस्त्री म्हणजे तवाच ना? उलटा धरलेला?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मागून दोन विटा घेऊन आले.

पुढे दुकानात जुनी जड इस्त्री विटांमध्ये उताणी बसवली, वर अॅल्युमिनियमचा कागद घट्ट ताणला. "ऐक. मी शेजारी असेन तेव्हाच हिच्याजवळ यायचं. मी नसलो की बटण बंद. आणि हे शाळेत जाऊन सांगायचं नाही, नाही तर गल्लीतल्या सगळ्या इस्त्र्या चिकट होतील!"

पहिला पॅनकेक बघता बघता काळा पडला. बाबांनी वाकून इस्त्रीची आच कमी-जास्त करायची चकती पाहिली.

"अगं, तू याला सुती टेबलक्लॉथ समजलीस की काय? रेशमावर आण. रेशमाला धीर लागतो."

भिंगरीने चकती सुतीवरून रेशमावर फिरवली. दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्यावर बारीक बुडबुडे आले, तिने तो उलटला, आणि तो वाळलेल्या पानासारखा तांबूस निघाला. तो बशीत घेऊन ती दाराशी उभी राहिली. श्वास रोखून.

आईने मान वळवली. नाक किंचित हललं. "हा वास… चालतोय गं."

बारा वाजेपर्यंत आईने चार खाल्ले, घोट घोट पाणी प्यायली. बाबांची कळी खुलली. "आता पाटीच बदलतो. कपडे आणि पॅनकेक, दोन्ही कडक मिळतील!" दीड वाजता त्यांनी बटण बंद केलं आणि हॉटेलच्या टेबलक्लॉथांचा गठ्ठा खांद्यावर टाकून ते पोचवायला गेले.

बाबा गल्लीच्या वळणाआड गेले असतील नसतील, आई उठली. भिंतीला धरत धरत मोरीत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, मोठ्ठा. पण नळाखालून दुसराही एक आवाज येत होता, आणि तो भिंगरीला आता पाठ झाला होता.

आई तोंड पुसत बाहेर आली. ओठ पांढरे पडलेले.

"सगळे गेले गं," ती कॉटवर टेकत म्हणाली. "चव छान होती हं. पण बाबांना सांगायचं नाही. नर्सबाईंना तर मुळीच नाही."

"पण आई—"

"मी चार दिवस तिकडे पडले तर तुझी वेणी कोण घालेल? रात्री तुला झोप लागेल का?"

भिंगरीने मान हलवली. नव्हतीच लागणार.

"मग? तोंडाला कुलूप. शहाणी माझी ती."

आईला ग्लानी आली. घड्याळ टकटक करत होतं. अडीचला भिंगरीने हळूच आईचा हात उचलला, नर्सबाईंसारखी कातडी चिमटीत धरली आणि सोडली. चुणी उभी राहिली. एक, दोन, तीन… तिने दहापर्यंत मोजलं, तरी चुणी होतीच. मग तिने स्वतःच्या हाताची कातडी ओढली. सोडल्या सोडल्या सपाट. पुन्हा आईची, पुन्हा स्वतःची. आईकडेच पाणी नाही, मग बाळाला कोण देत असेल? हे तिने विचारायचं तरी कुणाला?

साडेतीनला बाबा शीळ घालत आले. भिंगरीने तोंड उघडलं. कॉटवरून आईचे डोळे तिच्याकडेच लागलेले होते. तिने तोंड मिटलं.

चारच्या ठोक्याला नर्सबाई हजर.

"चार खाल्ले हिने!" बाबांनी त्यांना बसूही दिलं नाही. "पाणीसुद्धा प्यायली!"

"अरे वा. आणि खाली गेलेलं वर नाही ना आलं?"

"छे," आई म्हणाली.

"हात बघू."

"थंडी वाजतेय हो." आईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आत्ताच कुठे ऊब आलीय."

नर्सबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, त्यांना अजून तीन घरं करायची होती. त्यांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "बरं, मग आज घरीच राहा." मग सहज त्यांची नजर भिंगरीवर गेली. "आणि ही का गप्प? सकाळी तर माझ्यापुढे हिचं तोंड मिटत नव्हतं. काय गं, टिकले ना तुझे पॅनकेक?"

आईने मान हलवली नाही, नुसतं बघितलं. त्या बघण्यात वेणी होती, रात्र होती, सगळं होतं.  भिंगरीने नजर आईवरून काढून नर्सबाईंच्या पेनवर ठेवली.

"नाही टिकले," ती म्हणाली. "चारही उलटून पडले. आणि कातडी अजून उभी राहते. मी दहापर्यंत मोजलं."

"भिंगरी!" आईच्या तोंडून निघालं.

बाबांचा हात कपड्याच्या घडीवर होता तिथेच थांबला. नर्सबाईंनी चादरीखालून आईचा हात बाहेर काढला, चिमटीत धरला, सोडला आणि पेनचं टोपण लावून टाकलं. "गाडी बघा. आत्ताच्या आत्ता." बाबा अनवाणीच धावले.

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुला सांगितलं होतं ना मी," ती भिंतीला म्हणाली.

 भिंगरीने भरून आलेले डोळे बाहीला पुसले. मग ती कॉटखाली शिरली. आईच्या चपला पार कोपऱ्यात सरकल्या होत्या, त्या तिने ओढून काढल्या, दाराकडे तोंड करून नीट मांडल्या, आणि गुडघे टेकून आईचा एक पाय हळूच कॉटवरून खाली घेऊन चपलेत घातला. मग दुसरा.