पंचेचाळिसावं नाव

मी ट्रॉली बॅग बोलतेय. दोन चाकं, एक दांडा, तीन चेन. त्यातली एक नुसती शोभेची. वय तेरा वर्षं. माझ्या छातीवर सोनेरी दोऱ्याने एका परदेशी शहराचं नाव शिवलेलं आहे. ते शहर मला शिवणाऱ्या बाईने पाहिलेलं नव्हतं, अकोल्याच्या टिळक रोडवर मला विकणाऱ्यानेही नव्हतं. तरी त्या नावापायी माझी किंमत दोनशे रुपयांनी वाढली. न पाहिलेल्या गावांची नावं सांगून स्वतःचा भाव वाढवणारी माणसंही मी पुढे पुष्कळ पाहिली, म्हणून मला त्याची लाज वाटत नाही.

मला घेतलं माधवी तायडे यांनी. माधवी एसटीत कंडक्टर. राहणार अकोट, गाडी बहुतेक वेळा अकोट–अंजनगाव–अमरावती. मुलगा संघपाल शिकायला पुण्याला निघाला म्हणून माझी खरेदी झाली. मुलाने मला एकदा पाहिलं, हसला आणि पाठीवरची सॅक घेऊन गेला. मी घरीच राहिले.

त्या वेळी आमच्या कॉलनीत चाकांची बॅग एकच होती. त्यामुळे मी लवकरच सार्वजनिक झाले. शेजारच्या पार्वताबाईंनी लेकीच्या बाळंतपणाला मला मोर्शीला नेलं. कोणी नागपूरच्या दवाखान्यात नेलं, कोणी लग्नाला, एकाने तर मुलाखतीला नेलं आणि नोकरी लागली नाही म्हणून माझ्या रंगाला नावं ठेवली. उसनं नेलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, हा नियम लोकांनी मलाही लावला. मोर्शीहून येताना माझ्या पोटात संत्री होती. त्यातलं एक फुटलं, आणि त्याचा वास मला दोन वर्षं पुरला.

असे मी नऊ जिल्हे पाहिले. माझ्या मालकिणीने एकच रस्ता पाहिला, जाताना आणि येताना. बावीस वर्षं. इतर लोक कुठे चालले आहेत हे विचारणं आणि त्याचे पैसे घेणं, हे तिचं काम. तिला कोणी विचारलं नव्हतं.

नवरा देवमन सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा पुण्यात नोकरीला लागला. माधवी एक्कावन्न वर्षांची झाली, आणि एका रविवारी तिने मला माळ्यावरून काढून ओल्या फडक्याने पुसलं. मला वाटलं, कोणाचं तरी बाळंतपण आलं.

ती श्रीलंकेला निघाली होती. एकटी.

परदेशी जायचं तर एसटीत कार्यालयीन परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. त्यात एक रकाना आहे, ‘प्रवासाचे कारण’. माधवीने लिहिलं, ‘पाहणे’. बाबूने दोनदा वाचलं आणि सांगितलं की हे कारणात बसत नाही; तीर्थयात्रा लिहा, नातेवाईक लिहा, औषधोपचार लिहा. माणूस देवासाठी परदेशी जाऊ शकतो, लेकरासाठी जाऊ शकतो, मरायला टेकला तरी जाऊ शकतो. नुसता पाहायला जाऊ शकतो, ही शक्यता फॉर्म छापणाऱ्याच्या लक्षात आली नसावी. माधवीने कारण बदललं नाही. अर्ज तीन आठवडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला, म्हणजे माझ्याआधी त्याचाच प्रवास झाला. शेवटी मंजूर झाला.

घरचा अर्ज अवघड होता.

माधवीचे मोठे भाऊ धर्मपालदादा अकोल्याला असतात. निवृत्त मास्तर, माणूस चांगला. दरवर्षी लोकांना धम्मसहलीला नेतात. पंचेचाळीस माणसं, सोबत स्वयंपाकी, वरणभात, लोणच्याची बरणी. पंचेचाळीस नावं भरली की नेणाऱ्याची जागा फुकट. त्या वर्षी सहल श्रीलंकेचीच होती आणि नावं चव्वेचाळीस होती. दादांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती खरीच होती. फक्त तिला एक नाव कमी पडत होतं.

अकोल्याच्या घरी बैठक भरली. मीही होते, कारण माधवी मला दुरुस्तीला घेऊन आली होती. प्रत्येकाकडे तिच्या पैशांचा उपयोग तयार होता. एवढ्यात न्हाणीघराला टाईल्स बसतात, एकजण म्हणाला. दुसऱ्याने बँकेतल्या ठेवीचा व्याजदर सांगितला. संघपालने पुण्याहून फोनवर सेफ्टी हा शब्द अकरा वेळा उच्चारला. गंमत अशी, की हीच बाई अंजनगावच्या बाजाराच्या दिवशी दारू प्यालेल्या चौघांना गाडी थांबवून खाली उतरवते, तेव्हा तिची सेफ्टी कोणाला आठवत नाही. तेव्हा ती ड्युटी असते.

दादा समजुतीने म्हणाले, “सहलीत चाल ना. एकटी काहून जातं? पंचेचाळीस मानसं राहतीन सोबत.”

माधवी म्हणाली, “दादा, मले पंचेचाळीस मानसं घेऊन जाचं असतं, तर मी ड्युटीवरच गेली असती.”

दादांची बायको इंदूबाई चहाचे कप घेऊन आत गेल्या. त्यांना मी बोलताना फारसं ऐकलेलं नाही.

मग तयारी. माधवीने विमानाचं तिकीट स्वतः काढलं. जी बाई खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीत एका हाताने दांडी धरून मशीनवर तिकीट काढते, तिला खुर्चीत बसून तिकीट काढणं म्हणजे सुट्टीच. स्वस्त तिकिटात सात किलो सामान. तिने मला डेपोतल्या पार्सलच्या काट्यावर ठेवलं, तर माझंच वजन तीन किलो भरलं. मला फार अपराधी वाटलं. उरलेल्या चार किलोंत तीन ड्रेस, गोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या लाह्या. राहायला आठ खाटांच्या खोलीतली एक खाट, बायकांसाठी वेगळी. पैसे तीन जागी ठेवले आणि तिसरी जागा मलाही कळू दिली नाही. एकूण खर्च एकतीस हजार. सहलीच्या निम्म्याहून कमी.

तिला भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात तिने माझी चेन चार वेळा उघडली आणि चार वेळा लावली, आत काहीच न ठेवता. पण भीती वाटते म्हणून जायचं नाही, हा हिशेब तिला मान्य नव्हता. भीती तर तिला पहिल्या दिवशी गाडीत चढतानाही वाटली होती.

अकोल्याहून स्लीपरने चेन्नई, तिथून विमानाने कोलंबो. पहिल्या मुक्कामी तिने मला दाराला टेकवून ठेवलं, म्हणजे दार कोणी ढकललं तर आधी मी पडावं. माझा एवढा उपयोग तोवर कोणी केला नव्हता. तिसऱ्या दिवसापासून मला खाटेखाली ढकललं जाऊ लागलं. मी समजले.

अनुराधपूरला ती बोधिवृक्षाजवळ एक अख्खी दुपार बसली. तासभर डोळे मिटून, बाकी वेळ नुसती झाडाकडे आणि माणसांकडे पाहत. शेजारी एका सहलीचा म्होरक्या माणसं मोजत होता, एक कमी येत होतं, तो पुन्हा मोजत होता. माधवीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा माणूस कमी पडल्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

आता ती गोष्ट, जी सांगितली नसती तर कोणाला कळली नसती.

सहाव्या दिवशी आम्ही कँडीहून डोंगरातल्या नुवारा एलियाला निघालो. लाल बस. माधवी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी पुढे दाराजवळ. वाटेत चहाला गाडी थांबली. दहा मिनिटांनी लोक चढले. एक बाई पोराला घेऊन धापा टाकत आली, तिने सीट धरली, दारात कोणी उरलं नाही. माधवीने मागे वळून गाडीवरून एक नजर फिरवली. आणि तिचा हात आपोआप वर गेला. छताला दोरी होती. तिने ती ओढली. दोनदा.

डबल बेल. जगात कुठेही गेलात तरी ड्रायव्हरला एवढं कळतं. त्याने गिअर टाकला आणि गाडी निघाली.

दोन वळणं झाली. मागे कोणीतरी तिकिटासाठी हात वर केला, तेव्हा लक्षात आलं की गाडीत कंडक्टरच नाही. तो मागे चहाच्या दुकानात राहिला होता. एकदम कल्ला झाला. ड्रायव्हरने उतारावर ब्रेक दाबला, मी घरंगळत पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर पडले आणि माझं डावं चाक निखळून दरीच्या बाजूला गेलं.

ड्रायव्हर मागे वळला. त्याने काय विचारलं ते भाषा न येताही कळत होतं. साठ माणसं एकमेकांकडे पाहू लागली. अनोळखी देश, एकटी बाई, आणि कोणी तिचं नाव घेतलेलं नाही. गप्प बसली असती तर निभावलं असतं.

माधवी उभी राहिली आणि तिने हात वर केला.

कंडक्टर रिक्षाने आला. चाळिशीचा, जाडसर, शर्टावर चहा सांडलेला. तो बराच वेळ बोलला. माधवीला शब्द एकही कळला नाही आणि मजकूर सगळा कळला. असल्या प्रसंगी तीही हेच बोलली असती. तिने त्याला संपवू दिलं. मग हात जोडले, आणि पर्समधून आपलं ओळखपत्र काढून त्याच्या पुढे धरलं. खाकी ड्रेसमधला फोटो, खांद्याला पैशांची चामडी बॅग.

त्याने फोटो पाहिला. तिला पाहिलं. वरची दोरी पाहिली. मग ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि अख्खी गाडी हसली. रिक्षाचे पैसे त्याने तिच्याकडून घेतले, अगदी तेवढेच, आणि उरलेली चिल्लर परत केली. हिशेबाला चोख. पुढे प्रत्येक थांब्यावर बेल मारण्याआधी तो तिच्याकडे वळून पाहायचा. ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेली असायची.

एका चाकावर मी परत आले. विमानतळांवर फरपटत जाणारी बॅग किती आवाज करते, हे मला तेव्हा कळलं. माधवी एकदाही शरमली नाही.

अकोल्याला उतरलो ते थेट दादांकडे. संघपाल मुद्दाम पुण्याहून आला होता. सगळ्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, धड होती. मग मला पाहिलं.

“हे चाक कशानं तुटलं?” दादांनी विचारलं.

विमानात तुटलं, एवढं म्हणाली असती तर विषय संपला असता. विमानात काय काय तुटतं. पण तिने सगळं सांगितलं, दोरीपासून चिल्लरीपर्यंत. सांगताना थोडी हसलीही.

दादा हसले नाहीत. मग म्हणाले, “त्यानं पोलिसात देलं असतं तं? आमी कोनाले फोन केला असता? तुले त्या देशात वयखते कोन?” या वेळी त्यांची काळजी फुकट जागेची नव्हती. मला ते मान्य करावं लागेल.

माधवीलाही ते कळलं असावं. ती हळू बोलली. “देलं असतं पोलिसात, तं तिथंबी मीच बोलली असती. चुकी माही होती दादा. निस्तरली बी मीच. घरी बसून चुकी होत नाई काय?”

दादांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. पुढच्या वर्षीची सहल, व्हिएतनाम. पंचेचाळिसाव्या ओळीत माधवीचं नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, सुरेख अक्षरात. “आता तरी सोबत चाल,” ते म्हणाले.

“खोडा,” माधवी म्हणाली.

दादांनी पेन उचललं नाही. तिने ते त्यांच्या खिशातून काढलं, नाव खोडलं आणि पेनाला टोपण लावून परत खिशात ठेवलं. संघपालने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने नुसतं पाहिलं. ती नजर मी ओळखते. त्या नजरेने बिनतिकिटे आपणहून पैसे काढतात.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून इंदूबाई बोलल्या. चाळीस वर्षं त्यांनी सहलीचे डबे भरले होते, आणि यादीत त्यांचं नाव दरवर्षी दुसरं असायचं, न विचारता लिहिलेलं.

“एकटीले किती लागते वं माधवी?”

“एकतीस हजार, वयनी.”

“अन दोघीले?”

मला वाटलं, आता ही विरघळणार. माधवीने माझा दांडा आत ढकलला. मग म्हणाली, “दोघीले नाई. तुमी तुमच्या जा. मी सांगतो कसं जाचं ते.”

इंदूबाईंनी मान हलवली. जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. मग त्या बाहेर आल्या, कागद हातात घेतला आणि दुसरी ओळ बोटाने शोधली.

सध्या मी अकोटला आहे. टिळक रोडवरच्या कारागिराने मला दुसऱ्याच कंपनीचं चाक बसवलं आहे, ते जरा उंच आहे, त्यामुळे मी उजवीकडे कलून चालते. छातीवरच्या शहराच्या नावातली दोन अक्षरं उसवली आहेत. दादांची यादी त्रेचाळीसवर अडली आहे. इंदूबाईंचा पासपोर्ट आला. फोटोत त्या रागावल्यासारख्या दिसतात, पण तशा पासपोर्टात सगळ्याच दिसतात. कार्यालयात माधवीचा एक नवा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो आहे. कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं आहे, आणि ते बदलणार नाही, असं त्या टेबलांना मी इथूनच कळवते.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातली, गल्लीतली एखादी बाई बॅग घेऊन निघालेली दिसली, तर ‘कोनासंगं?’ असं विचारू नका. तिच्या मनात तो प्रश्न तुमच्या आधी शंभरदा येऊन गेलेला असतो आणि त्याचं उत्तर देऊन ती दाराबाहेर पडलेली असते. विचारायचंच असेल तर बॅग जड आहे का ते विचारा. जड असेल तर स्टँडपर्यंत एक बाजू धरा.

आणि स्टँड आला की सोडा.