सरांच्या नावावर

“पाठवा. डोळे मिटून पाठवा,” वैरागडे सर म्हणाले. “यात विचार करण्यासारखं आहे तरी काय, धम्मानंदभाऊ?”

धम्मानंद टेबलासमोर उभा होता. कॉलेजात बावीस वर्षं झाली, तरी सरांच्या समोरच्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. सर त्याला भाऊ म्हणत, अहोजाहो करत, पण बसा म्हणायचं त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. त्याच्या हातात मोनालीच्या पत्राची झेरॉक्स होती. बारावीत असतानाच पोरीने एनडीएची लेखी परीक्षा काढली होती, भोपाळला पाच दिवसांची मुलाखत दिली होती, मेडिकलही पार पडलं होतं. आता खडकवासल्याला हजर व्हायची तारीख आली होती. मुलींना तिथे घ्यायला नुकतीच कुठे सुरुवात झाली होती, आणि कन्हानच्या एका कॉलेज-शिपायाची मुलगी त्यात जाऊन बसली होती.

“पण सर,” धम्मानंद चाचरत म्हणाला, “आपल्या कॉलेजातबी एनसीसी आहेच ना. तीन वर्षं इथं केलं, सी सर्टिफिकेट घेतलं, का लेखी परीक्षा माफ. सीधी मुलाखत. डिग्रीबी हातात. मंग अफसरच होईन ना पोरगी?”

“होईल. झाली तर होईल. त्या वाटेने मुलींना जागा किती असतात, ठाऊक आहे? एका हाताच्या बोटांवर मोजा. आणि इथे पत्र हातात आहे.” सरांनी चष्मा काढून पुसला. “माझ्याकडे बघा. एनसीसीच्या ट्रेनिंगला कामठीत तीन महिने धावून आलो, खांद्यावर दोन चांदण्या लागल्या, पोरं लेफ्टनंट सर म्हणतात. पण खरा अफसर समोर आला की मी कोण आहे ते मला बरोबर कळतं. तिला खरं होऊ द्या.”

“हो सर,” धम्मानंद म्हणाला आणि आपल्या स्टोअरकडे गेला.

एनसीसीचं स्टोअर म्हणजे जिन्याखालची एक खोली. दाराला आडवी फळी. दर जुलैत फळीपलीकडे पोरापोरींची रांग लागायची आणि धम्मानंद एकेकाला गणवेश, पट्टा, टोपी, बूट काढून द्यायचा. कोणाचा पाय लहान, कोणाची कंबर मोठी, त्याची नजर बसली होती. डॉक्टरांची पोरं, वकिलांची पोरं, लकडगंजच्या व्यापाऱ्यांची पोरं त्याच्या हातून पट्टे घेऊन गेली, आणि पंधरा ऑगस्टला मैदानात छाती काढून चालली. त्यांचे आईबाप पुढच्या खुर्च्यांवर बसून फोटो काढत. धम्मानंद मागे, लाडवांच्या खोक्यांजवळ उभा असायचा.

त्याला एकदा, फक्त एकदा, त्या मैदानात आपली पोरगी पाहायची होती. सगळे प्राध्यापक उभे असावेत, हेडक्लार्क उभा असावा, आणि मोनालीच्या एका आवाजावर शंभर बूट एकदम आपटावेत. मग कोणीतरी विचारावं, ही कोणाची मुलगी? खडकवासल्याला ती कितीही मोठी झाली असती, तरी ते त्याच्या कॉलेजातल्या कोणाला दिसणार नव्हतं. हे कारण माणसाने स्वतःशीसुद्धा बोलू नये असं होतं, म्हणून तो स्वतःशी म्हणाला, पोरगी लहान आहे, दूर आहे, डिग्री आधी पाहिजे. घरी पोचेपर्यंत ते त्याचं त्यालाच पटलं होतं.

घरी प्रेमलता भाकरी टाकत होती. मोनाली दारातच उभी होती. आठच दिवसांपूर्वी वस्तीने तिचा विहारात सत्कार केला होता. ते पुष्पगुच्छ बादलीत अजून तग धरून होते.

“सर काय म्हणाले, बाबा?”

सर काय म्हणाले, हाच प्रश्न. बाबा काय म्हणतात, हा नव्हे. त्यात तिचीही चूक नव्हती. सरांनीच तिला मुलाखतीसाठी तयार केलं होतं, रविवारी आपल्या घरी बोलावून इंग्रजी बोलायला लावलं होतं. धम्मानंदच्या मताला कॉलेजात भाव नव्हता, वस्तीत नव्हता, आणि घरातही भाजी कोणती आणायची याच्यापलीकडे ते गेलं नव्हतं. आपलं मत आपल्या नावावर खपणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने ते सरांच्या नावावर खपवलं.

“सर म्हणे, कॉलेजच बरं.”

मोनाली बघत राहिली. “सर असं म्हणाले?”

“मंग? खोटं बोलून राहिलो काय मी? म्हणे, घाई काहून करता? इथं तीन वर्षं काढू द्या, मी स्वतः तिच्यावर ध्यान देतो. पोरगी पक्की होईन, मंग अफसर तर होणारच आहे.”

“अहो, पण त्यायनंच तर फारम भराले लावला होता,” प्रेमलता तव्यावरून मान वळवून म्हणाली.

“तवाची गोष्ट वेगळी होती.”

मोनालीने पत्राची घडी घातली. “सरांनं विचार करूनच सांगितलं असन,” ती म्हणाली. रडली नाही, भांडली नाही. सतरा वर्षांच्या पोरीने आदळआपट केली असती तर धम्मानंद कदाचित विरघळला असता. पण तिने दोन दिवसांत येत नसल्याचं कळवून टाकलं आणि आईला पीठ चाळायला मदत करायला बसली.

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. सरांनी विचारलं तेव्हा धम्मानंद म्हणाला, “पोरीनंच नाही म्हटलं जी. इतक्या दूर कशी राहू म्हणे. भ्याली.” सर म्हणाले, “मला वाटलं नव्हतं.” त्यांनी तेव्हा तो विषय मोनालीकडे काढला नाही. पोरीला लाजवायचं कशाला, असा भला विचार त्यांनी केला, आणि धम्मानंदचं काम सोपं झालं. जुलैत फळीपलीकडच्या रांगेत मोनाली उभी राहिली. त्याने तिच्यासाठी सगळ्यात नवा गणवेश बाजूला ठेवला होता.

तीन वर्षं ती सकाळी त्याच्याबरोबर बसने कॉलेजात यायची. कामठीला छावणीची फाटकं लागली की पूर्वी ती खिडकीला नाक लावून बसे. आता ती त्या वेळी पुस्तक काढायची. धम्मानंदला वाटायचं, अभ्यासाची गोडी लागली.

तिसऱ्या वर्षी ती सगळ्या कॅडेटांची प्रमुख झाली आणि पंधरा ऑगस्टची परेड तिच्याकडे आली. धम्मानंदने नवा शर्ट घातला होता. पावणेआठला हेडक्लार्क धावत आला. पाहुण्यांसाठी सांगितलेली शाल दुकानातच राहिली होती. “धम्मा, जा ना गा पटकन. दुकानदाराले उठवून आण.” नाही म्हणायची सवय त्याला नव्हती. शाल घेऊन तो परत आला तेव्हा मोठं फाटक बंद झालं होतं, आणि भिंतीपलीकडून मोनालीचा आवाज येत होता. परेड सावधान. शंभर बूट एकदम आपटले. तो शाल छातीशी धरून रस्त्यावर उभा राहिला. शेजारच्या चहावाल्याला म्हणाला, “माही पोरगी आहे ते.” चहावाल्याने बरं म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून वळला.

एवढ्यासाठी सगळं केलं होतं.

डिग्री झाली, सर्टिफिकेट आलं, तेही चांगल्या श्रेणीचं. मोनाली पुन्हा मुलाखतीला गेली. पाच दिवसांनी परत आली, नाव नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा गेली. या वेळी पाचव्या दिवशी निवड झाली, पण अंतिम यादीत मुलींच्या जागा पाच आणि हिचा नंबर नववा. मुलाखत घेणारं बोर्ड कारण सांगत नाही, ते त्यांच्या नियमात बसत नाही. मोनालीने कामठीच्या एका खासगी शाळेत पीटी शिकवायची नोकरी धरली. लहान पोरांना ती रांगेत उभं करायची आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायची.

प्रेमलताला मात्र कारण सापडलं होतं. ती उठता-बसता वैरागडे सरांचा उद्धार करायची. एका रविवारी दुपारी जेवताना तिने जाहीरच केलं.

“उद्या येतेच मी तुमच्या कॉलेजात. विचारते त्या सराले, तुह्या पोरीले असं घरी बसवलं असतं काय म्हणून. चांगली निवडल्या गेली होती. वाटोळं केलं मेल्यानं.”

धम्मानंदचा घास हातातच राहिला. ही बाई बोलली की करून दाखवणारी होती.

“आई, सरांचा दोष नाही त्याच्यात,” मोनाली म्हणाली.

“मंग कोणाचा आहे?”

धम्मानंदने मान खाली घातली. पोरगी त्याच्याकडे बघत होती की नाही, ते त्याला कळलं नाही, कारण तो बघू शकला नाही.

“माझाच. सर तर जा म्हणूनच राहिले होते. मलेच भेव वाटलं. बाबाले मीच म्हटलं, सरांचं नाव सांगा म्हणून.”

प्रेमलता जी सुटली ती थांबेना. वस्तीनं सत्कार केला, आमच्या तोंडाले काळं फासलं, भित्री कुठली, मी चार घरचे धुणे-भांडे केले ते याच्यासाठी काय. मोनाली ऐकत बसली. धम्मानंदही ऐकत बसला. एक वाक्य बोललं असतं तर ते सगळं थांबलं असतं, आणि ते वाक्य त्याच्याजवळच होतं. प्रेमलता शेवटी पदर डोळ्याला लावून इंदूबाईकडे निघून गेली. इंदूबाई म्हणजे शेजारीण, आणि सबंध वस्तीची बातमी तिच्याकडून पुढे जायची.

मोनाली अंगणात भांडी घासायला बसली. धम्मानंद तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

“तुले कधीपासून माहीत आहे?”

“सेकंड इयरपासून. कॅम्पमध्ये सर म्हणाले, तेव्हा भ्याली नसती तर आज कुठच्या कुठं असती. मले काही समजलंच नाही पहिले. मंग समजलं.”

“मंग सरांले काय म्हटलं तू?”

“म्हटलं, हो सर. भ्याली होती.”

“काहून?” तो म्हणाला. “काहून म्हटलं असं?”

“तुम्हाले तिथंच नोकरी करा लागते ना, बाबा.”

ती कढई घासत राहिली. राखेने काळे झालेले तिचे हात थांबत नव्हते. मग ती स्वतःच बोलली, आवाज न चढवता, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तशी.

“दोन्ही वेळेले मुलाखतीत त्यायनं एकच विचारलं. कागदावर सगळं असते ना त्यायच्या. म्हणे, तुझी आधी निवड झाली होती. गेली काहून नाही?”

धम्मानंदला पुढचं ऐकायचं नव्हतं, तरी त्याने विचारलं. “मंग?”

“मंग काय सांगू? माहे बाबा खोटं बोलले, असं सांगू काय अफसरांसमोर? जे सरांले सांगितलं तेच सांगितलं. सतरा वर्षांची होती, भ्याली.” तिने कढई पाण्यात बुडवली. “फौजेत जायचं आहे आणि म्हणते, भ्याली होती. त्यायनं तरी नंबर कुठून द्यावा?”

धम्मानंद पायरीवर बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण तिची तीन वर्षं खाल्ली. तीन वर्षं भरून निघतात, असंही वाटत होतं. आपण तिच्या तोंडात कोणता शब्द घातला होता, हे त्याला आज कळलं. तिला दोन्ही वेळेला खरं सांगता आलं असतं, आणि दोन्ही वेळेला तिने बापाला झाकलं होतं. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. त्याने ते केलं नाही. बापाने असं करायची रीत नाही, आणि रीतीमागे लपणं त्याला सोपं होतं.

“मी सांगतो तुह्या आईले,” तो म्हणाला. “आत्ता येऊ दे तिले. सगळं सांगतो.”

“मी कधीची वाट पाहून राहिली होती, बाबा. तुम्ही कधीतरी सांगान म्हणून,” मोनाली म्हणाली. “आता तुमच्या मनानं करा. मी काही म्हणत नाही.”

संध्याकाळी प्रेमलता परत आली ती इंदूबाईला घेऊनच. इंदूबाई दारात टेकली, तिने मोनालीकडे नीट पाहिलं, जणू आजच पहिल्यांदा पाहत होती.

“हे काय ऐकून राहिली वं मी, मोना? भिऊन गेली नाही म्हणे तू?”

“हो ना काकू,” मोनाली हसून म्हणाली.

“आन आम्ही त्या बिचाऱ्या मास्तरले शिव्या देत होतो इतके दिवस! पोरीची जात, शेवटी भेतेच.”

“आमची भित्रीच निघाली जी,” प्रेमलता म्हणाली. “इचे बाबा बिचारे, इच्यासाठी खोटं बोलले. तोंडातून चकार शब्द काढला नाही कधी.”

दोघी बायकांनी धम्मानंदकडे कौतुकाने पाहिलं. मोनालीनेही पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आशाही फारशी नव्हती, नुसतं थांबणं होतं.

धम्मानंदने बायकोला हाक मारली.

“प्रेमलता.”

“काय जी?”

दारात इंदूबाई होती. तिच्यामागे सगळी वस्ती होती, वस्तीमागे कॉलेज होतं, हेडक्लार्क होता, वैरागडे सर होते.

“काही नाही,” धम्मानंद म्हणाला. “पाणी दे थोडं.”

प्रेमलता उठायच्या आधी मोनाली उठली. तिने माठातून गडू भरला, बापाच्या हातात दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत रिकामा गडू परत घेण्यासाठी तिथेच उभी राहिली.